कळतं, पण वळत नाही : खोडकर मूल, त्याची आई आणि मराठी साहित्य

माझ्या मुलाच्या शाळेच्या डायऱ्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. पहिली ते सातवी, सात डायऱ्या. प्रत्येकीत शेवटची काही पाने 'रिमार्क'साठी राखलेली असतात. इतर मुलांची ती वर्षअखेर कोरी राहत. आमची दिवाळीच्या सुट्टीआधीच भरत आणि पुढे डिंकाने चिकटवलेले कागद सुरू होत. "जागेवर बसत नाही." "शेजारच्या मुलाला लिहू देत नाही." "प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर ओरडतो." "मधल्या सुट्टीत ढकलले, मुलाच्या ओठातून रक्त आले." "घरून लक्ष द्यावे." खाली लाल शाईत बाईंची सही आणि निळ्या शाईत माझी. मी ते वाचले, एवढाच त्या सहीचा अर्थ.

तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले की कुठलाही मजकूर हाती आला तरी त्याचा वाङ्मयप्रकार शोधण्याची सवय जडते. गेल्या पावसाळ्यात कपाट आवरताना त्या डायऱ्या सलग वाचल्या आणि उत्तर सापडायला वेळ लागला नाही. ह्या गौळणी आहेत. मुलाने बाहेर काय केले ते त्याच्या आईला येऊन सांगायचे, ही गौळणीची मूळ बैठक. भागवताच्या दशम स्कंधातल्या आठव्या अध्यायात गोकुळातल्या बायका यशोदेपुढे जी फिर्याद मांडतात तिच्यातली कलमे पाहावीत. अवेळी वासरे सोडतो. दही-दूध चोरतो, माकडांना वाटतो. काही हाती लागले नाही तर निजलेल्या पोरांना रडवून पळतो. स्वच्छ केलेल्या घरात घाण करतो. आणि तुझ्याजवळ मात्र बघ कसा साळसूदासारखा बसला आहे! हे शेवटचे कलम मी पालकसभांतून दर वर्षी ऐकले आहे : "घरी तो असं करत नाही, असं सगळ्याच आया म्हणतात."

मराठी संतांनी ह्या फिर्यादीचे गाणे केले. एकनाथांच्या गौळणी आजही भजनात रंगतात, आणि त्या रंगतात ह्याचे कारण असे की तक्रार करणाऱ्या स्त्रीचा राग खोटा असतो. मडके फुटले ह्याचे तिला दुःख नाही. तक्रारीच्या निमित्ताने त्या घरी जायचे आहे, तो दिसायला हवा आहे. तिच्या मुलाच्या ओठातून रक्त आलेले नसते. पुढे तमाशातल्या गणानंतरच्या गौळणीत कृष्ण मोठा झाला, पेंद्या आला, मावशी आली आणि यशोदा रंगमंचावरून गेलीच. म्हणजे ह्या सबंध परंपरेत आई हा तक्रार पोचवण्याचा पत्ता आहे. ऐकवले तिला जाते, ऐकण्याची मौज आपण घेतो. ती घरात गेल्यावर काय करते, ते कुणी विचारत नाही.

प्रस्तुत लेखात मला हेच विचारायचे आहे. मराठीत खोडकर मुलांना तोटा नाही. फास्टर फेणे आहे, बोक्या सातबंडे आहे, मुळात श्याम आहे. पण अशा मुलाला रोज सकाळी उठवून, दात घासायला लावून, दप्तर भरून शाळेत पोचवणाऱ्या माणसाच्या जागेवरून लिहिलेले किती आहे? जे आहे ते फार थोडे, आणि ह्याला निव्वळ दुर्लक्ष हे कारण मला पटत नाही. आपले बालचित्रण एका समजुतीवर उभे आहे : मुलाला नीट सांगितले की त्याला कळते, आणि कळले की ते वळते. ज्या मुलाला कळते पण वळत नाही, त्याच्यासाठी ह्या साहित्यात जागा नाही. मग त्याच्या आईसाठी ती कुठून असणार?

आपली भाषाच ह्याची साक्ष देते. वळण अक्षराला असते, रस्त्याला असते आणि मुलालाही असते; मुलाला ते 'लावायचे' असते. लावणारे कोण हे वाक्यात सांगावे लागत नाही, सगळ्यांना ठाऊक असते. उलट 'खोड' ह्या शब्दाशी भाषा जरा प्रामाणिक वागते. खोड म्हणजे अंगची सवय. ती जित्याची असते आणि मेल्याशिवाय जात नाही. त्याच शब्दावरून खोडी आणि खोडकर आले. एकाच मुलाबद्दल बोलताना आपण खोड अंगचीही मानतो आणि वळण न लावल्याबद्दल आईला दोषही देतो, आणि दोन्ही गोष्टी एका दमात बोलताना कुणाची जीभ अडखळत नाही. लहानपणी ऐकलेली ती गोष्ट आठवा. फाशीच्या वाटेवरचा चोर आईला जवळ बोलावतो आणि तिचा कान चावतो. पहिल्या चोरीला तू मला अडवले नाहीस म्हणून. गोष्टीत बाप नाही, शेजारी नाहीत, ज्यांच्याकडे चोऱ्या झाल्या ते सावकार नाहीत. कान फक्त आईचा.

माझ्या मुलाचे निदान सातव्या वर्षी झाले. अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे एडीएचडी, आणि त्याच्या जोडीला अडून बसणे, अंगावर येणे, फेकाफेक. मराठीत 'अतिचंचलता' म्हणतात, पण हा शब्द फसवा आहे. चंचल म्हटले की फुलपाखरू डोळ्यांपुढे येते. अवधान टिकत नाही, शरीर थांबत नाही आणि कृतीला लगाम बसत नाही, अशी ही तीन अंगे आहेत. ती बाराव्या वर्षाच्या आत दिसली पाहिजेत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत, तरच निदान करावे असा सध्याचा दंडक आहे. जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून ह्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 70 ते 80 टक्के निघतो. (हे वाचल्यावर मी माझ्या स्वतःच्या शाळेतल्या दिवसांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. मी धक्के देत नव्हते. खिडकीबाहेर पाहत होते. खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीबद्दल कुणी रिमार्क लिहीत नसे.)

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली ह्यांनी ह्या विकाराविषयी एक गोष्ट सातत्याने मांडली आहे. काय करावे हे न कळणे ही ह्या मुलांची अडचण नसून, कळलेले ऐन वेळी अमलात आणता न येणे ही आहे. मी ते वाचले तेव्हा मला हसू आले, कारण आमच्या आजीने एका म्हणीत ते सांगून ठेवले होते. फरक इतकाच की आजी ते दूषण म्हणून वापरायची. त्याच सुमारास एका संध्याकाळी मुलाने सोसायटीतल्या धाकट्या मुलीच्या हातातला फुगा फोडला. ती रडली, हाही रडला. रात्री मी विचारले, तुला माहीत नव्हते का तिला वाईट वाटेल? तो म्हणाला, "माहीत होतं. पण हात आधी गेला."

आता 'श्यामची आई'कडे येते. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले. मी ते वर्षानुवर्षे शिकवले आहे, त्याच्या भाबडेपणावर टीका करणाऱ्या विद्यार्थ्यांशी भांडले आहे, आणि आजही ते मोठे पुस्तक आहे असे मानते. पण मुलाला रोज रात्री एक प्रकरण वाचून दाखवताना त्यातले मला आधी न दिसलेले काही दिसले. श्याम सोपा मुलगा नाही. तो हट्टी आहे, लपून बसतो, पुस्तकांच्या ओढीने चोरीही करतो. पोहायला जायचे नाही म्हणून तो दडून बसतो तेव्हा आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीने मारते. संध्याकाळी तीच आई त्याला मायेने जवळ घेते. श्यामला कळते. पुस्तकाची बांधणीच अशी आहे की एका रात्री एक प्रसंग, एका प्रसंगात एक धडा, आणि धडा एकदा कळला की तो पुन्हा द्यावा लागत नाही. दुसऱ्या रात्री नवा विषय असतो. त्याच चुकीची दुसरी रात्र ह्या पुस्तकात येत नाही.

माझा मुलगा पोहण्याचे प्रकरण ऐकून हुंदके देऊन रडला. त्याने मला वचन दिले. मी काही मागितले नव्हते, आपण होऊन दिले. सकाळी साडेसहाला बुटाच्या नाडीवरून त्याने बूट भिंतीवर फेकला. रात्रीचे अश्रू खोटे नव्हते आणि सकाळचा बूटही मुद्दाम नव्हता. हे दोन्ही एकाच मुलात मावते, हे सांगणारे प्रकरण मला त्या पुस्तकात हवे होते. ते नाही ह्याचे कारण निवेदक श्याम आहे. मोठा झालेला, आई गमावलेला, कृतज्ञ मुलगा सांगतो आहे. आठवणीतून सांगताना मारही प्रसाद होतो. आईच्या बाजूने तोच दिवस कसा गेला, शिंपटी खाली ठेवल्यावर तिचा हात थरथरत होता का, उद्या पुन्हा हेच झाले तर काय अशी भीती तिला वाटली का, हे श्यामला माहीत असण्याचे कारण नाही. आपण मात्र गेली नव्वद वर्षे ह्या मुलाच्या आठवणीतून आईपणाचे माप काढत आलो आहोत.

मारण्याविषयी मला मोकळेपणाने लिहिले पाहिजे, कारण मीही मारले आहे. फुटपट्टीने, एकदा नव्हे. "आमच्याकडे असता तर दोन फटक्यांत सरळ झाला असता," असे म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात; पण मी त्यांच्या सांगण्यावरून मारले नाही, मार लागू पडला म्हणून मारले. एक दिवस लागू पडला. ऑरेगनमधले संशोधक जेरल्ड पॅटर्सन ह्यांनी घराघरांत जाऊन पालक-मुलांच्या अशा झटापटींची नोंद केली आणि त्यातून निघालेला निष्कर्ष 1982 साली ग्रंथरूपाने मांडला. तो थोडक्यात असा. आई म्हणते दप्तर भर. मूल किंचाळते. आई दमते, स्वतःच दप्तर भरते. किंचाळले की काम टळते हे मूल शिकले. दुसऱ्या दिवशी आईच आधी किंचाळते. मूल दचकून दप्तर भरते. किंचाळले की काम होते हे आई शिकली. दोघेही एकमेकांचे गुरू, आणि रोज आवाज एकेक पट्टी वर. ह्यात दुष्ट कुणीच नाही, ही ह्या मांडणीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली बाब. संस्कारकथेला हे सांगता येत नाही. तिथे शिकवणारा एक असतो आणि शिकणारा एक. मूलही आईला वळण लावत असते, हे तिच्या चौकटीत बसत नाही.

संस्कारकथेला कंटाळलेल्यांनी साहसकथा आणली. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला, काडीसारखा अंगाचा, सायकलवर स्वार, 'ट्टॉक' करून सुटणारा. विचाराआधी पाय चालतात, नको तिथे नाक खुपसतो, सांगितलेल्या जागी थांबत नाही. दवाखान्यातल्या प्रश्नावलीवर खुणा करायला घेतल्या तर पान भरेल. (असे काल्पनिक पात्राचे निदान करणे हा टीकेचा आळस आहे हे मी जाणते, इथे तो गमतीपुरता.) भागवतांची किमया अशी की कथानक बन्याच्या उतावीळपणाला दर वेळी बक्षीस देते. तो ज्या दारातून न विचारता घुसतो त्या दारामागे चोरच असतो. माझ्या मुलाने ही पुस्तके पारायणे करून फाडली, आणि त्याला त्यांनी जे दिले ते मला कधीच देता आले नसते : आपल्यासारखा कुणीतरी कामाचा आहे, हा दिलासा. दिलीप प्रभावळकरांच्या बोक्याचेही तेच. पण आपल्या घरांत मुले ज्या दारातून घुसतात त्या दारामागे बहुधा शेजारीण झोपलेली असते. आणि बन्याची आई कथांच्या ऐन धावपळीत कुठे दिसत नाही. ती दिसली असती तर पुढचे साहस झाले नसते.

आतून पाहिलेले असे काही मराठीत असेल तर ते प्रकाश नारायण संतांचा लंपन. 'वनवास' आणि त्यापुढची पुस्तके आपण सीमाभागातल्या बालपणाचे, आजी-आजोबांच्या घराचे, कानडी हेलाच्या मराठीचे चित्रण म्हणून वाचतो, ते योग्यच आहे. मला मात्र त्यातली वाक्ये आता निराळी दिसतात. लंपनला एखाद्या कामाला धाडले की त्याच्या वाटेवर रंग, वास, आवाज आणि त्याचे ते लाडके 'मॅड' विशेषण लावावे अशा शंभर गोष्टी येतात, आणि वाक्य त्यांच्यामागे जाते. मूळ काम कुठे राहिले हे त्याच्यासारखेच आपणही विसरतो. लंपनला कसले नाव चिकटवण्याचा माझा हेतू नाही. पण एका अर्थी अवधानाची 'न्यूनता' हा शब्दच चुकीचा आहे हे मला दवाखान्याआधी संतांनी शिकवले. ह्या मुलांकडे अवधान कमी नसते. ते एकाच वेळी सगळीकडे जाते आणि त्याला परत बोलावता येत नाही. लंपनची आजी त्याला हाका मारते, रागावते, जेवू घालते, आणि त्याच्या भटकणाऱ्या मनाला तिच्या घरात जागा असते. अशी घरे आता थोडी उरली, असे कुणी म्हणेल. मी म्हणेन की त्या घरांत आजीच्या जोडीला आजोबा होते आणि शाळेत डायरी नव्हती.

ही उणीव एकट्या मराठीची नाही. एडीएचडीवरच्या इंग्रजी पुस्तकांतून एक जर्मन कविता नेहमी भेटते. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमान ह्यांनी 1844 च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रे काढून एक वही तयार केली. पुढच्या वर्षी ती छापली गेली आणि 'श्ट्रूवेलपेटर' ह्या नावाने जगभर गेली. तिच्यात चुळबुळ्या फिलिप आहे. जेवणाच्या मेजावर हा मुलगा खुर्ची मागेपुढे झुलवतो, बाप दरडावतो, खुर्ची कलंडते, मेजावरचा कपडा ओढत मुलगा ताटवाट्यांसह खाली. एडीएचडीचे पहिले वर्णन म्हणून हिचा दाखला देतात, तो मला ओढूनताणून आणलेला वाटतो. डॉक्टरांनी ही रुग्णनोंद म्हणून लिहिली नव्हती. मला खिळवले ते तिच्यातल्या आईने. ती सबंध प्रसंगात हजर आहे आणि एक शब्दही बोलत नाही, नुसती पाहते. बाप बोलतो, मुलगा पडतो, कवी हसवतो. वैद्यकाने मग 1902 साली तोंड उघडले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल ह्यांनी 43 मुलांविषयी व्याख्याने दिली. बुद्धीला धक्का नाही, तरी स्वतःवर ताबा नाही, असे हे मूल, हे त्यांनी अचूक हेरले आणि नाव दिले ते 'नैतिक नियंत्रणातला दोष'. तेव्हापासून त्या 'नैतिक'मधून सुटायला वैद्यकाला अनेक दशके लागली. वाङ्मय अजून सुटलेले दिसत नाही.

आईला बोलते करणारी एक कादंबरी मला ठाऊक आहे, डोरिस लेसिंग ह्यांची 'द फिफ्थ चाइल्ड' (1988). हॅरिएटचे पाचवे मूल बेन दांडगे, हिंसक आहे. घरचे त्याला एका संस्थेत टाकतात, ती जाऊन त्याला परत आणते, आणि त्या दिवसापासून घरात गुन्हेगार ती ठरते. डॉक्टरही शेवटी बोट तिच्याकडेच दाखवतात. आईचे एकटेपण इतक्या निर्दयपणे लिहिलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही. पण हे साधण्यासाठी लेसिंग ह्यांना मुलाला जवळजवळ माणसांतून काढावे लागले. बेन हा कुठल्या तरी आदिम जमातीचा चुकून जन्मलेला जीव वाटतो. पुराणात अशा मुलाला देव केले, ह्या कादंबरीत राक्षस. आमच्या घरी तिसरीतला एक मुलगा होता, त्याला वांग्याची भाजी आवडत नसे.

2007 साली 'तारे जमीन पर' आला आणि मराठी पालकांच्याही बोलण्यात हा विषय उघड आला, हे त्याचे उपकार. त्यातला ईशान वाचन-अक्षमतेचा आहे, पण त्याची मारामारी, फोडतोड, शाळेतून येणारे निरोप सगळे ओळखीचे. चित्रपट मुलाच्या मनात शिरतो तेव्हा उत्तम आहे. आई रडते, अभ्यास घेते, हरते. सोडवणारा मास्तर बाहेरून येतो, आणि शेवटी चित्रस्पर्धा जिंकली जाते. मधे थोरामोठ्यांची नावे सांगून दिलासाही दिला जातो. ह्या साच्याचे कर्ज आपल्या दिवाळी अंकांवरही आहे. विशेष मुलांच्या पालकांचे लेख आपण छापतो, आणि त्यांत निदान, खचणे, उभारी, पदक हा क्रम चुकत नाही. लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही. तो क्रम नसता तर आपण ते वाचले असते का, हा प्रश्न आपल्यालाच विचारायला हवा. एडीएचडीत पदक बहुधा नसते. सुधारणा होते ती अशी : आठवड्याला पाच वेळा होणारे वादळ दोनदा होते. अमेरिकेत 579 मुलांवर चौदा महिने चाललेली उपचारांची मोठी तुलना 1999 साली प्रसिद्ध झाली. मूळ लक्षणांवर काटेकोरपणे दिलेले औषध सर्वांत प्रभावी ठरले. पण अडेलपणा, आई-बाप आणि मूल ह्यांच्यातले नाते अशा बाबींत औषधाला पालकांच्या प्रशिक्षणाची जोड दिल्याचा लाभ दिसला. त्या प्रशिक्षणात काय शिकवतात? एका वेळी एकच सूचना. लांबून हाका न मारता जवळ जाऊन, हाताला धरून सांगणे. जमले ते त्याच क्षणी बोलून दाखवणे. चिडण्याआधी स्वतः खोलीबाहेर जाणे. आणि हे उद्या पुन्हा, परवा पुन्हा. औषधाचेही तसेच, मिथाइलफेनिडेट आपल्याकडे 'शेड्यूल एक्स'मध्ये येते, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, ते मोजक्या दुकानांत मिळते, आणि दर महिन्याला औषधवाल्याच्या नजरेसमोर उभे राहावे लागते. ह्यात कथानक नाही. नुसती पुनरावृत्ती आहे.

पुनरावृत्ती पेलणारा प्रकार मराठीत नाही असे मात्र नाही. जात्यावरची ओवी आहे. तिला शेवट लागत नाही. दळण उरकले की थांबते आणि पहाटे तिथूनच सुरू होते. तिच्यात बाळाचा हट्ट आहे, कानावर येणारी शेजी आहे, काढलेली दृष्ट आहे आणि बाईचा स्वतःचा थकवाही आहे, आणि ह्यातले काहीही 'सुटत' नाही. ह्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन'मध्ये छापणारे पुन्हा साने गुरुजीच. आईचा आवाज त्यांच्या कानांत भरलेला होता. आईवर पुस्तक लिहायला बसल्यावर मात्र त्यांनी मुलाचा आवाज निवडला. मला वाटते, ज्या दिवशी कुणी मराठी आई असे मूल वाढवण्याविषयी लिहील तेव्हा तिला कादंबरीपेक्षा ओवीकडून, नाहीतर सरळ त्या रिमार्कच्या पानांकडून शिकावे लागेल.

तोवर मी पुन्हा दशम स्कंधाकडेच जाते. नववा अध्याय. श्रीधरांच्या 'हरिविजया'सारख्या ग्रंथांतून आणि कीर्तनांतून ही कथा मराठी घरांत मुरली, पण मुळात ती किती नेमकी आहे हे मला फार उशिरा दिसले. यशोदा मुलाला पाजत आहे. चुलीवरचे दूध उतू जाऊ लागते. ती त्याला खाली ठेवून धावते. मुलाला तेवढे थांबणे सहन होत नाही. तो दगडाने दह्याचा डेरा फोडतो. सगळे प्रकरण एवढ्यावरून. ती काठी घेऊन मागे धावते, तो घाबरला हे पाहून काठी टाकून देते आणि त्याला उखळाला बांधायला घेते. दोरी दोन बोटे कमी पडते. दुसरी जोडते, पुन्हा दोन बोटे. घरातल्या साऱ्या दोऱ्या जोडल्या तरी दोनच बोटे. भाष्यकारांनी त्या दोन बोटांवर पुष्कळ तत्त्वज्ञान लिहिले आहे. मला तिथे फक्त तिचा घाम दिसतो. तोही ग्रंथात आहे : अंग घामाने भिजलेले, केस सुटलेले, वेणीतली फुले गळलेली. सबंध परंपरेत ह्या एका ठिकाणी कुणीतरी तिच्याकडे पाहिले आहे, आणि पाहणारे ते मूलच आहे. तिची दमणूक पाहून ते स्वतःला बांधू देते.

मग झाडे उन्मळतात, गाव गोळा होते, नंद येतो आणि हसत हसत दोरी सोडतो. (घरोघरीचे नंद असेच.) यशोदेला कुणी काही विचारत नाही. पण अकराव्या अध्यायात ती पुन्हा भेटते. मुले नदीकाठी खेळत आहेत. रोहिणी हाका मारते, कुणी येत नाही, म्हणून ती यशोदेला पाठवते. यशोदाही हाका मारते : दमलास, भूक लागली असेल, जेवायला चल, वडील वाट पाहताहेत. बराच वेळ बोलावते. शेवटी ती जवळ जाते, त्याचा हात धरते आणि त्याला घरी आणते.